वाओरानींच्या जंगलातील मिशनरी कुटुंबे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इक्वेडोरच्या पूर्वेकडील जंगलात १९५६ साली पाच तरुण अमेरिकन मिशनरी भाल्यांनी मारले गेले, ही हकिकत पुष्कळांनी ऐकलेली असते. त्यांच्यापैकी एकाची पत्नी आणि दुसऱ्याची बहीण पुढे त्याच लोकांत जाऊन राहिल्या, हेही काहींना ठाऊक असते. प्रश्न येतात ते मुख्यतः त्यापुढच्या काळाविषयी, आणि खाली त्याच काळाला जास्त जागा दिली आहे.

हे लोक कोण? त्यांना ‘आउका’ म्हणावे की ‘वाओरानी’?

वाओरानीच म्हणावे. ‘आउका’ हा शेजारच्या किचवा लोकांनी वापरलेला शब्द असून त्याचा अर्थ रानटी असा होतो. जुन्या लेखनात तो सर्रास आढळतो, पण वाओरानींना तो अपमानास्पद वाटतो. त्यांच्या भाषेत ‘वाओरानी’ म्हणजे माणसे. बाहेरच्या सगळ्यांना ते ‘कोवोदे’ म्हणत आणि हे कोवोदे माणसे खातात अशी त्यांची पक्की समजूत होती. म्हणजे दोन्ही बाजू एकमेकींना रानटी समजत होत्या, आणि रबर गोळा करणाऱ्यांनी या भागात केलेल्या लुटालुटीचा आणि गुलामगिरीचा इतिहास पाहिला, तर वाओरानींच्या समजुतीला आधार नव्हता असे म्हणवत नाही.

नापो आणि कुराराय या नद्यांच्या मधले विस्तीर्ण जंगल हा त्यांचा मुलूख होता आणि १९५० च्या दशकात त्यांची एकूण संख्या पाचशे-सहाशेच्या घरात होती. फुंकनळीने माकडे आणि पक्षी मारावेत, चोंटा नावाच्या ताडाच्या कठीण लाकडाच्या भाल्याने रानडुक्कर मारावे आणि छोट्या मोकळ्या जागेत कसावा लावावा (आपल्याकडे ज्या कंदापासून साबुदाणा करतात तोच हा), असे त्यांचे जीवन होते. अंगावर कमरेभोवतीच्या सुती दोऱ्याखेरीज काही नसे, आणि कानाच्या पाळ्यांत हलक्या बाल्सा लाकडाच्या जाड चकत्या असत.

मिशनरी कुटुंबे तिथे नेमकी कशी राहत होती?

सुरुवातीला ती वाओरानींमध्ये नव्हे, तर त्यांच्या मुलुखाच्या कडेने राहत होती. जिम आणि एलिझाबेथ इलियट शांदिया येथे किचवा लोकांत होते, एड आणि मेरिलू मकली अराहुनो येथे, पीट आणि ऑलिव्ह फ्लेमिंग पुयुपुंगू येथे, तर रॉजर आणि बार्बरा यूडेरियन बरेच दक्षिणेला मकुमा येथे शुआर लोकांत. या सर्वांना जोडणारा धागा म्हणजे वैमानिक नेट सेंट आणि त्याची पत्नी मार्ज, जे १९४८ पासून शेल मेरा येथे राहत होते. पुढे मारले गेले ते हेच पाच पुरुष. ‘शेल मेरा’ या नावातले शेल म्हणजे तीच तेलकंपनी. तिने तेलाच्या शोधासाठी धावपट्टी बांधली, वाओरानींच्या हल्ल्यांत माणसे गमावली आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस आपला गाशा गुंडाळला. तिने मागे ठेवलेल्या धावपट्ट्या मिशनरींच्या उपयोगी पडल्या. तेल आणि धर्मप्रसार यांची गाठ या गोष्टीत अशी पहिल्या पानापासूनच पडलेली आहे.

जंगलातून पायी जायला कित्येक दिवस लागत तिथे नेटचे छोटे पिवळे विमान काही मिनिटांत पोहोचे. औषधे, टपाल, पत्र्यांचे तुकडे, आजारी माणसे, बाळंतिणी असे सगळे त्यातून जाई. तो हवेत असेपर्यंत मार्ज शेल मेराच्या घरात बिनतारी यंत्रापाशी बसून त्याचा ठावठिकाणा नोंदवत असे, आणि त्याच वेळी तिला तीन मुले सांभाळायची असत आणि येणाऱ्याजाणाऱ्या पाहुण्यांचे जेवणखाणही करायचे असे. मिशनरी इतिहासात वैमानिकाचे नाव मोठ्या अक्षरांत येते. आमच्या मते त्या यंत्रापाशी बसलेल्या बाईशिवाय ते विमान एक आठवडाही चालले नसते.

विमानातून भेटी खाली सोडण्याची युक्ती काय होती?

वाओरानींच्या वस्तीजवळ विमान उतरवायला जागा नव्हती, आणि वरून वस्तू नुसती टाकली तर ती देणाऱ्याशी घेणाऱ्याचा काही संबंध जुळत नाही. नेटने त्यावर काढलेला उपाय असा, की विमानातून खूप लांब दोर सोडायचा, त्याच्या टोकाला बादली बांधायची आणि विमान एका जागेभोवती लहान वर्तुळात फिरवत ठेवायचे. गोफणीतला दगड बाहेर फेकला जातो, इथे मात्र उलट घडते: लांब दोराला हवेचा विरोध होतो, त्यामुळे बादली आत ओढली जाते, वर्तुळाच्या मध्याशी येते आणि वर विमान घिरट्या घालत असताना खाली जवळजवळ स्थिर लटकत राहते. खालच्या माणसाने हात वर करून तिच्यातली वस्तू काढून घ्यावी आणि हवे तर स्वतःची काही वस्तू तिच्यात ठेवावी.

ऑक्टोबर १९५५ पासून सुमारे तीन महिने, आठवड्यातून एकदा अशी देवघेव चालली. पहिली भेट रंगीत फिती लावलेल्या ॲल्युमिनियमच्या किटलीची होती. नंतर कोयते, कपडे, बटणे असे काही ना काही जात राहिले. उलट वर आले ते पिसांचे शिरोभूषण, जिवंत पोपट, धुरावर सुकवलेले माकडाचे शेपूट. ही देवघेव सुरू झाली आणि पाचही जणांची खात्री पटली, की आता उतरायला हरकत नाही. त्यांची चूक इथेच झाली, असे मागे वळून पाहताना म्हणावे लागते. भेटवस्तू घेणे म्हणजे मैत्री पत्करणे, हा अर्थ त्यांनी आपल्या बाजूने लावला होता.

८ जानेवारी १९५६ रोजी काय घडले?

३ जानेवारीला नेटने कुराराय नदीकाठच्या वाळूच्या पट्ट्यावर विमान उतरवले आणि पाचही जणांनी झाडावर मचाण बांधून तळ ठोकला. शुक्रवारी ६ तारखेला एक पुरुष आणि दोन स्त्रिया जंगलातून बाहेर आल्या, त्यांच्याबरोबर दिवसभर राहिल्या, आणि त्या पुरुषाने तर विमानातून आपल्या वस्तीवर फेरीही मारली. रविवारी दुपारी नेटने साडेबाराच्या सुमारास मार्जला कळवले की माणसे येताना दिसत आहेत आणि पुढचा निरोप साडेचारला देतो. साडेचारला यंत्र मुके राहिले. नंतर सापडलेले नेटचे घड्याळ तीन वाजून बारा मिनिटांवर थांबलेले होते.

मृतांची वये सत्तावीस ते बत्तीसच्या दरम्यान होती. मागे पाच विधवा आणि आठ मुले राहिली. नववे मूल मेरिलू मकलीच्या पोटात होते. इलियट दांपत्याची व्हॅलरी तेव्हा पुरती अकरा महिन्यांचीही नव्हती.

त्यांच्याजवळ बंदुका होत्या, तर त्यांनी प्रतिकार का केला नाही?

बंदुका होत्या, पण माणसांवर गोळी झाडायची नाही, असे त्यांनी आधीच आपसांत ठरवले होते. भीती घालण्यासाठी गोळ्या झाडल्या गेल्या, आणि हल्लेखोरांपैकी नांपा नावाच्या तरुणाला एक गोळी चाटून गेली, असे वाओरानींनीच पुढे सांगितले. हा निश्चय वाओरानींच्या मनात वर्षानुवर्षे घोळत राहिला, कारण ज्याच्या हातात हत्यार आहे आणि समोर शत्रू आहे असा माणूस ते वापरत नाही, हे त्यांच्या कोणत्याही अनुभवात बसत नव्हते.

वाओरानींनी त्यांना का मारले?

मिशनरींच्या गोष्टींत याचे उत्तर दीर्घकाळ ‘अज्ञान’ एवढेच दिले जाई, आणि ते पुरेसे नाही. शुक्रवारी आलेला पुरुष नांकिवी आणि त्याच्याबरोबरची तरुणी गिमादे यांच्या संबंधावरून वस्तीत आधीच तंटा पेटला होता आणि तिच्या घरचे नांकिवीवर भाले उचलण्याच्या बेतात होते. परत येताना वाटेत सापडलेल्या नांकिवीने, परक्यांनी आपल्यावर हल्ला केला, असे सांगून तो राग त्यांच्याकडे वळवला. हल्ल्यात सामील असलेल्या माणसांनीच ही हकिकत कित्येक वर्षांनी नेटच्या मुलाला, स्टीव्हला, सांगितली. म्हणजे ज्या भांडणाचा त्या पाच जणांना मागमूस नव्हता, त्या भांडणात त्यांचा बळी गेला.

भाषेचाही यात हात होता. जिमने काही वाक्ये दायुमा नावाच्या वाओरानी स्त्रीकडून शिकून पाठ केली होती आणि तीच तो विमानातून आणि नदीकाठावरून मोठ्याने म्हणत असे. दायुमा मात्र बरीच वर्षे किचवा बोलणाऱ्यांत राहिल्यामुळे तिची मातृभाषा भेसळीची झाली होती, आणि ती वाक्ये ऐकणाऱ्यांना धड उमगत होती का, याचीच शंका आहे.

ही दायुमा कोण?

या सबंध हकिकतीतले सर्वांत महत्त्वाचे माणूस, असे आमचे स्पष्ट मत आहे. घरच्या माणसांच्या हत्या झाल्यावर ती मुलगी असतानाच, १९४० च्या दशकात, जंगलातून पळाली आणि एका जमीनदाराच्या मळ्यावर मजूर म्हणून राहिली. नेटची थोरली बहीण रेचल सेंट ही भाषातज्ज्ञ मिशनरी होती; ती फेब्रुवारी १९५५ मध्ये त्या मळ्यावर गेली आणि दायुमाकडून भाषा शिकू लागली. भावाच्या मोहिमेची बातमी मात्र रेचलपासून लपवून ठेवण्यात आली होती. ज्या बाईला त्या भाषेचे सर्वाधिक ज्ञान होते तिलाच न विचारता पाच पुरुष निघाले, ही गोष्ट फार थोड्या ठिकाणी ठळकपणे सांगितली जाते.

नोव्हेंबर १९५७ मध्ये मिंताका आणि मांकामू या दोन वाओरानी स्त्रिया जंगलातून बाहेर आल्या आणि एलिझाबेथ इलियटने त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. पुढच्या वर्षी दायुमा त्या दोघींबरोबर आपल्या माणसांत परत गेली, तिथे काही दिवस राहिली, आणि मग बाहेर येऊन एलिझाबेथ, तिची साडेतीन वर्षांची मुलगी आणि रेचल यांना आपल्याबरोबर घेऊन गेली. तो महिना ऑक्टोबर १९५८ होता. त्या दोघींना आत नेणारी, त्यांची जबाबदारी घेणारी आणि त्यांचे बोलणे लोकांना समजावणारी दायुमाच होती.

एका लहान मुलीला घेऊन आई तिथे गेलीच कशी?

हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता. तिवेनो नदीकाठच्या वस्तीत त्यांना राहायला मिळाले ते केवळ एक छप्पर, ज्याला भिंती नव्हत्या. खाली माती, मध्ये चूल, बाजूला झोळ्या टांगलेल्या, आणि वहीत काही लिहायला बसावे तर भोवती बघ्यांचा घोळका. अवतीभोवती वावरणाऱ्या पुरुषांत तिच्या नवऱ्याला मारणारे होते आणि तिला ते नावानिशी माहीत होते. व्हॅलरी तिथल्या मुलांबरोबर नदीत डुंबत, त्यांचीच भाषा बोलत वाढू लागली आणि आईच्या आधी ती भाषेत रुळली. लोकांनी एलिझाबेथला ‘गिकारी’ म्हणजे सुतारपक्षी, आणि रेचलला ‘निमू’ म्हणजे तारा, अशी नावे दिली.

त्या दोघींना का मारले नाही, याचे एक उत्तर असे दिले जाते की त्या स्त्रिया होत्या, मूल बरोबर होते आणि दायुमा नात्यातली होती. दुसरे उत्तर जास्त विचार करण्यासारखे आहे. ज्यांची माणसे मारली त्यांनी सूड घ्यायला यायचे, हा वाओरानींचा नियम होता. सूडाऐवजी औषधाची पेटी घेऊन आलेली माणसे त्यांनी पाहिलीच नव्हती.

दोघींचे आपसांत पटले का?

नाही. एलिझाबेथ १९६१ च्या अखेरीस तिवेनो सोडून शांदियाला परतली आणि १९६३ मध्ये अमेरिकेला गेली. भाषेच्या कामाच्या पद्धतीपासून स्वभावापर्यंत दोघींत मतभेद होते. एलिझाबेथला मिशनरी कार्याच्या गुळगुळीत विजयकथांविषयी पुढे उघड शंका वाटू लागली आणि तिने तसे लिहिलेही. रेचलचा स्वतःवर आणि आपल्या कामावर अढळ विश्वास होता. ती वाओरानींतच राहिली, म्हातारी झाली, १९९४ मध्ये कितो येथे वारली आणि वाओरानींच्या तोन्यांपारे या वस्तीत तिचे दफन झाले. छत्तीस वर्षे हा काही लहान काळ नव्हे, आणि तिच्यावर जी टीका होते ती वाचताना हेही ध्यानात ठेवावे.

बायबलचे भाषांतर कोणी केले आणि ते कठीण का होते?

वाओरानींच्या भाषेचा जगातल्या दुसऱ्या कोणत्याही ज्ञात भाषेशी संबंध जुळलेला नाही, त्यामुळे शेजारच्या भाषेचा आधार घेऊन ती शिकता येत नाही. तिला लिपीही नव्हती. सृष्टी निर्माण करणाऱ्याला ‘वेंगोंगी’ हा त्यांचाच शब्द होता आणि देवासाठी तोच घेतला गेला. पण मेंढपाळ, राजा, बाजार, कर या गोष्टी ज्यांनी पाहिलेल्या नाहीत त्यांना शुभवर्तमान कसे सांगायचे, हा प्रश्न पानोपानी उभा राहत असे. प्रारंभ रेचल आणि दायुमा यांनी केला. संपूर्ण नवा करार मात्र कॅथरीन पीक आणि रोझी युंग यांच्या दीर्घ परिश्रमांनंतर १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला.

हत्या खरोखरच थांबल्या का, आणि त्या धर्मामुळे थांबल्या का?

वंशावळींची बारकाईने नोंद करणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञांना असे आढळले, की संपर्कापूर्वीच्या काही पिढ्यांत वाओरानींमधले सुमारे निम्मे मृत्यू भाल्याने किंवा तत्सम हिंसेने झाले होते. जगात नोंदवल्या गेलेल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी हे एक आहे. १९५८ नंतर थोड्याच वर्षांत हे प्रमाण झपाट्याने खाली आले, याबद्दल मिशनरी आणि त्यांचे टीकाकार यांच्यात वाद नाही.

वाद कारणाबद्दल आहे. मिशनरी त्याला परिवर्तन म्हणतात. काही अभ्यासकांचे म्हणणे असे, की वाओरानी स्वतःच या चक्राला विटले होते, परंतु पहिला भाला खाली कोणी ठेवायचा हे ठरत नव्हते. दायुमा आणि त्या दोन परक्या स्त्रियांमुळे दुसऱ्या बाजूला निरोप पाठवण्याची आणि तो खरा मानण्याची सोय झाली. आम्हाला ही दोन स्पष्टीकरणे परस्परविरोधी वाटत नाहीत. हल्ल्यात भाग घेतलेले किमो आणि द्युवी हे पुढे तिथल्या चर्चचे वडीलधारी पुढारी झाले, आणि १९६५ मध्ये नेट सेंटच्या कॅथी व स्टीव्ह या दोन मुलांचा बाप्तिस्मा त्याच नदीकाठी त्यांच्याच हातून झाला. ही घटना केवळ निरोपाची सोय झाल्याने घडत नाही.

मिशनरींमुळे तेलकंपन्यांना वाट मोकळी झाली, हा आरोप खरा आहे का?

बऱ्याच अंशी खरा आहे, आणि इथे थोडे थांबून पाहायला हवे. १९६७ मध्ये उत्तरेला लागो आग्रियो येथे तेल लागले आणि कंपन्यांचे शोधपथक वाओरानींच्या मुलुखाकडे सरकू लागले. भाले घेतलेली माणसे असलेल्या जंगलात काम होणे शक्य नव्हते. त्याच सुमारास रेचल आणि तिच्या संस्थेने दूरच्या वाओरानी गटांना तिवेनोकडे बोलावून आणण्याची मोहीम चालवली. रेचलच्या दृष्टीने ती त्यांचा जीव वाचवण्याची धडपड होती, कारण तेलपथकांशी गाठ पडली तर दोन्ही बाजूंची माणसे मरणार हे उघड होते. परिणाम मात्र असा झाला की विस्तीर्ण जंगल रिकामे होऊन कंपन्यांच्या हाती आयते पडले. १९६९ मध्ये सरकारने वाओरानींसाठी राखीव क्षेत्र ठरवले तेव्हा ते त्यांच्या मूळ मुलुखाच्या जेमतेम एक दशांश होते.

एकमेकांचे हाडवैरी असलेले गट एका लहान जागी येऊन दाटीने राहू लागले, शिकार संपली, बाहेरून येणाऱ्या मालावर आणि विमानावर भिस्त वाढली. त्यातच १९६९ मध्ये पोलिओची साथ आली, तिच्यात सोळा जण दगावले आणि आणखी कित्येक कायमचे पंगू झाले. बाहेरच्या रोगांना ज्यांच्या शरीरात प्रतिकार नाही अशा लोकांना एकत्र जमवताना लसीकरणाची घाई आधी करायला हवी होती.

रेचलच्याच संस्थेने पुढे जेम्स योस्ट या मानववंशशास्त्रज्ञाला पाहणीसाठी पाठवले. त्याने नोंदवलेल्या परावलंबनाच्या चित्रानंतर संस्थेने रेचलला तिवेनोतून बाहेर बोलावले, हे संस्थेच्या बाजूने सांगायला हवे. रेचल सेवानिवृत्त झाल्यावर स्वतःच्या जबाबदारीवर परत गेली, हे तिच्या.

सगळेच वाओरानी संपर्कात आले का?

नाही. तागाएरी हा गट वेगळा होऊन आत निघून गेला, आणि त्यांच्याशी भाषेने जवळचा असलेला तारोमेनाने हा गटही बाहेरच्यांना टाळतो. १९८७ मध्ये कॅथलिक बिशप आलेहांद्रो लाबाका आणि सिस्टर इनेस आरांगो हे दोघे, तेलपथकांच्या आधी आपण पोहोचलो तर हे लोक वाचतील, या आशेने तागाएरींच्या वस्तीत हेलिकॉप्टरने उतरले आणि भाल्यांनी मारले गेले. सद्हेतू तोच, अंतही तोच, मधे एकतीस वर्षे गेलेली.

आपल्याकडच्या सेंटिनेल बेटाशी याची तुलना करता येईल का?

नोव्हेंबर २०१८ मध्ये जॉन ॲलन चाऊ हा अमेरिकन तरुण उत्तर सेंटिनेल बेटावर मारला गेला तेव्हापासून हा प्रश्न भारतीय वाचक हमखास विचारतात. साम्य आहे: भेटवस्तूंपासून सुरुवात, भाषेचे अज्ञान, रोग पोहोचवण्याचा धोका. भारत सरकारच्या पथकांनीही १९९१ मध्ये त्या बेटावर हातोहात नारळ दिले होते. नंतर सरकारने अशा फेऱ्या बंद केल्या. मोठा फरक कायद्याचा आहे. अंदमानातल्या आदिम जमातींच्या संरक्षणाचा नियम आपल्याकडे १९५६ सालीच, म्हणजे कुरारायच्या घटनेच्याच वर्षी, अस्तित्वात आला, तर वाओरानींना कायद्याचे असे कुंपण कोणी घातलेलेच नव्हते. दुसरा फरक दायुमाचा. सेंटिनेलमधून बाहेर आलेली आणि परत जाऊन कोणाची हमी घेणारी व्यक्ती चाऊच्या बाजूला नव्हती.

आज वाओरानी कसे आहेत?

त्यांची संख्या कित्येक पटींनी वाढली आहे आणि १९९० मध्ये सहा लाख हेक्टरांहून अधिक जमिनीचा हक्क त्यांना मिळाला, मात्र जमिनीखालचे तेल सरकारचेच राहिले. एप्रिल २०१९ मध्ये पास्तासा प्रांतातल्या वाओरानींनी, आमची संमती नीट न घेता आमच्या जमिनीचा लिलाव मांडला, असा दावा करून सरकारविरुद्ध खटला जिंकला. त्यात पुढाकार घेणारी नेमोंते नेंकिमो ही वाओरानी स्त्री होती. ऑगस्ट २०२३ मध्ये यासुनी उद्यानातल्या एका क्षेत्रातले तेल जमिनीतच ठेवावे, असा कौल इक्वेडोरच्या मतदारांनी दिला. काही वस्त्यांत प्रार्थनामंदिरे आहेत, काहींत नाहीत. काहींना तेलकंपनीची नोकरी हवी आहे, काही तिच्या वाटेवर उभे आहेत.

त्या विमानाचे पुढे काय झाले?

हल्ल्यानंतर वाओरानींनी विमानावरचे कापडाचे आवरण ओरबाडून काढले आणि उरलेला सांगाडा नदीने वाळूत गाडला. १९९४ मध्ये नदीने पात्र बदलल्यावर तो पुन्हा उघडा पडला आणि वाओरानींनीच तो ओळखला. त्याचे अवशेष आता मिशनरी विमानसेवेच्या अमेरिकेतल्या मुख्य कार्यालयात ठेवले आहेत. ते कार्यालय आयडाहो राज्यातल्या ज्या गावी आहे त्या गावाचे नाव नांपा, आणि गोळी चाटून गेलेल्या त्या तरुणाचे नावही तेच होते. हा निव्वळ योगायोग आहे, पण वाचकांपैकी कोणी ना कोणी तो दरवेळी विचारतोच.